ठाण्यातल्या एका क्लबची पॉइंट लीग: दहा शर्यती, धरायच्या सहा

उपवन-येऊर भागात सराव करणाऱ्या एका रनिंग क्लबची ही सीझनभराची लीग जूनमध्ये सुरू होते आणि फेब्रुवारीत संपते. यादीत दहा शर्यती आहेत: क्लबच्या स्वतःच्या पाच आणि दहा किलोमीटरच्या, एक येऊरच्या चढाची, बाकी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसारख्या मोठ्या. दहापैकी उत्तम सहाच धरतात. नोकरी, घर आणि दुखरा गुडघा सांभाळून पळणाऱ्यांना लीग झेपते ती याच नियमामुळे.

मोठ्या शर्यतीच्या निकालातून आधी बाहेरचे धावक वगळतात आणि सभासदांना नव्याने क्रम लावतात. पहिल्याला 100, दुसऱ्याला 95, मग 91, 88, 86, 85 आणि पुढे एकेक कमी. महिला-पुरुषांचे तक्ते वेगळे. खरी चुरस सातव्या शर्यतीपासून. समजा सहा निकाल 91, 88, 88, 86, 85, 84, म्हणजे बेरीज 522. सातव्यात 91 मिळाले की 84 गळतात आणि पदरात पडतात फक्त सात. ज्याच्या चारच शर्यती झाल्यात, त्याला तेच 91 पूर्ण मिळतात. त्यामुळे ऑक्टोबरचा तक्ता बघून कोणी हुरळून जाऊ नये की खचू नये. क्लबने प्रत्येक नावापुढे ‘धरलेल्या शर्यती’ हा रकाना छापायलाच हवा; आज तो नाही.

वयानुसार प्रतवारीचा दुसरा तक्ता आम्हाला जास्त आवडला. त्या वयासाठी ठरलेली प्रमाण वेळ भागिले तुमची वेळ, गुणिले शंभर. प्रमाण वेळ 30 मिनिटं आणि तुम्हाला 50 लागली, तर 60 टक्के. साठीतली बाई तिशीतल्या पोराच्या पुढे दिसते, आणि ते रास्तच आहे. पण हा हिशेब सपाट, नीट मोजलेल्या रस्त्यासाठी आहे. येऊरचा चढ किंवा ऑक्टोबरचा उकाडा त्याला कळत नाही. सगळ्यांचेच टक्के पडतात आणि धरलेल्या सहांत शेवटी थंडीतल्याच शर्यती उरतात. येऊरच्या शर्यतीला फक्त क्रमाचे गुण द्यावेत, टक्के काढूच नयेत. क्रमाला चढ बाधत नाही, सगळे तोच चढतात.

व्हॉलंटिअरला ठरावीक 80 गुण मिळतात. इथे गडबड आहे. 60 च्या घरात धावणाऱ्याला पाण्याच्या टेबलावर उभं राहिलं की घसघशीत फायदा, 90 च्या घरातल्याला काहीच नाही. त्याऐवजी ज्याच्या-त्याच्या इतर धरलेल्या निकालांची सरासरी द्यावी, आणि तीही सीझनमध्ये एकदाच.

गुण बुडतात ते मात्र बहुधा नावामुळे. सभासद यादीत पूर्ण नाव, बिबवर, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या पट्टीवर, नुसती आद्याक्षरं, मग जुळवणीत माणूस सापडत नाही. नोंदणी करताना दोन्हीकडे एकच स्पेलिंग ठेवा, वयोगट बरोबर आहे का बघा आणि निकाल लागल्यापासून सात दिवसांत बिब नंबर व चिप टाइम (सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासून चिपने मोजलेली वेळ) कळवा. घड्याळातला जीपीएसचा आकडा धरत नाहीत. क्लबच्या छोट्या शर्यतींत चिप नसते, वेळ शिट्टीपासून मोजतात. तेव्हा मागे गप्पा मारत उभे राहू नका, तेवढे सेकंद तुमच्याच खात्यात जातात.