मोठ्या जिताड्यासाठी ल्युअर आणि सामान: पैसा कुठे घालावा

दोन-अडीच किलोचा जिताडा जवळपास कुठल्याही सामानावर निघतो. सात-आठ किलोच्या पुढचा मासा मात्र सामानातली सगळ्यात कच्ची जागा पहिल्या काही सेकंदांतच शोधून काढतो. ती जागा बहुतेक वेळा रॉड किंवा रील नसते. ल्युअरसोबत (म्हणजे बनावट माशासोबत) आलेला पातळ ट्रेबल (तीन टोकांचा) गळ, त्याला जोडणारी रिंग, नाहीतर लीडरचा (ल्युअरआधीच्या जाड सुताचा) शेवटचा वीतभर तुकडा, यांतलं काहीतरी दगा देतं. म्हणून बाजारात मिळणाऱ्या सामानाचं हे परीक्षण गळाच्या टोकाकडून सुरू केलं आहे. दुकानात आपण नेमके उलट्या टोकाकडून सुरू करतो आणि गळापर्यंत येईस्तोवर पैसे संपलेले असतात.

रायगडात जिताडा, मालवण-गोव्याकडे चोणक, इंग्रजीत एशियन सी-बास आणि ऑस्ट्रेलियात बॅरामंडी: हा सगळा एकच मासा, लेट्स कॅल्कॅरिफर. याचा खरेदीत थेट फायदा होतो. ऑस्ट्रेलियात बॅरामंडीसाठी बनलेले किंवा तिथे वर्षानुवर्षं वापरून सिद्ध झालेले ल्युअर आपल्या खाडीत जसेच्या तसे चालतात. अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या लार्जमाउथ बाससाठीचे ल्युअर आकाराने चालतात, पण त्यांचे गळ खाऱ्या पाण्याला आणि जिताड्याच्या जबड्याला पुरत नाहीत.

गळ आणि रिंग

जिताडा भक्ष्य चावत नाही, तोंड फाडून पाण्यासकट आत ओढतो. ल्युअर तोंडात आडवा बसला की दोन गळ जबड्याच्या दोन बाजूंना लागतात, आणि मासा उडी मारून डोकं झटकतो तेव्हा सगळा जोर त्या दोन गळांच्या वाकांवर येतो. साधा ट्रेबल इथेच उघडतो. ओनर कंपनीचा एसटी-66 हा 4एक्स जाडीचा (एक्सचा आकडा मोठा तितकी तार जाड) ट्रेबल या कामाला सगळ्यात भरवशाचा. एसटी-56 हा 3एक्सचा, थोडा हलका. 10 सेंटीमीटरच्या ल्युअरला तोच बरा, कारण 66 लावला की लहान ल्युअरची चाल मरते. 12 सेंटीमीटरच्या पुढे 66 बिनधास्त लावावा. रिंग पाकिटावर किमान 50 पौंड लिहिलेली घ्या, आणि ती उघडायला स्प्लिट रिंगचा पक्कड घ्याच. नखाने किंवा सुरीने उघडलेली रिंग ताणली जाते, पुन्हा घट्ट मिटत नाही, आणि त्या फटीतून ताणाखाली गळ निसटतो.

तिवरांच्या मुळांत मासेमारी असेल तर ट्रेबलऐवजी इनलाइन सिंगल (एकाच टोकाचे) गळ लावून बघावेत. अडकणं निम्म्यावर येतं, जाळीत गुंता होत नाही, मासा सोडायचा असेल तर जखमही कमी होते. पुढच्या गळाचं टोक ल्युअरच्या तोंडाकडे आणि मागच्याचं शेपटीकडे ठेवायचं. सिंगल ट्रेबलपेक्षा हलका असतो, त्यामुळे ल्युअर जास्त तरंगायला लागतो. मग एक माप मोठा गळ लावायचा.

गळ बदलल्यावर बादलीत चाचणी केल्याशिवाय खाडीवर जाऊ नये. बादलीत खाडीचंच पाणी हवं. नळाच्या पाण्यात जागच्या जागी थांबणारा ल्युअर खाऱ्या पाण्यात हळूहळू वर येतो, आणि पावसाळ्यानंतर खाडीच्या वरच्या अंगाला पाणी जवळजवळ गोडं असतं तेव्हा तोच ल्युअर पुन्हा वेगळा वागतो. वर येत असेल तर गळाच्या दांडीवर शिशाच्या तारेचे दोन-तीन वेढे द्या. थांबवल्यावर नाक किंचित खाली ठेवून जागेवर राहणारा ल्युअर हवा, कारण बड्या जिताड्याचा बहुतेक घाला ल्युअर चालू असताना येत नाही, तो थांबल्यावर येतो.

कडक ल्युअर

एकच घ्यायचा असेल तर रापालाचा एक्स-रॅप 10: 10 सेंटीमीटर, 13 ग्रॅम, थांबवला की पाण्यात अधांतरी राहणारा. आतलं वजन कास्ट करताना (ल्युअर फेकताना) शेपटीकडे सरकतं, त्यामुळे या वजनाला तो लांब जातो. दोन झटके, मग तीन ते पाच सेकंद पूर्ण शांतता, पुन्हा एक झटका. ही शांतता पाळणं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात फळ देणारं. उणीव अशी की मूळचे गळ मोठ्या माशासाठी हलके आहेत, आणि ते बदलताना मागच्या गळावरचं पिसांचं शेपूट जातं. पिसं जाऊ द्या, फरक पडत नाही. मोठ्यांच्याच मागे असाल तर 12 सेंटीमीटरचा घ्या. खाडीतली बोय (जिताड्याचं भक्ष्य असलेला मासा) साधारण त्याच मापाची असते आणि लहान माशांचा त्रासही कमी होतो.

बॉम्बर लाँग ए, 15ए हे मॉडेल, साडेचार इंची, सोनेरी रंगात. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत हा ‘गोल्ड बॉम्बर’ बॅरामंडीचा जुना, मानाचा ल्युअर आहे. तरंगतो, ओढला की उथळ जातो, अंग रुंद हलवतो. गढूळ पाण्यात होडीमागे हळू ओढायला आणि उघाडीच्या (खाडीबांधातल्या झडपेच्या) तोंडाशी पाणी ओसरताना टाकायला उत्तम. एक्स-रॅपसारखा अधांतरी थांबत नाही, वर येतो. पण आडव्या लाकडावरून न अडकता पार करायचा असेल तर हाच गुण कामी येतो. लाकडाला नाक लागलं की सूत ढिलं सोडायचं, तो आपोआप वर तरंगून मागे सुटतो. गळ मात्र पहिल्याच दिवशी बदला.

पुलाच्या खांबांशी, धक्क्याच्या कडेला किंवा वळणावरच्या डोहात तीन मीटरच्या खाली जायचं असेल तर नाकाशी लांब पातं असलेला, खोल जाणारा ल्युअर लागतो. हॅल्कोचा स्कॉर्पियन 125 इथे पैशाचं चीज करतो: अंग दणकट, आणि पात्याच्या मापाप्रमाणे वेगवेगळ्या खोलीचे प्रकार मिळतात. खोल जाणारा ल्युअर खांबाला किंवा तळाला टेकत-टेकत आणायचा असतो. मोकळ्या पाण्यातून नुसता ओढला तर त्याच्यासाठी दिलेले पैसे वाया.

वरच्या पाण्यासाठी हेडनचा सुपर स्पूक, पाच इंची. पहाटे, सांजेला, रात्री दिव्याच्या कडेला. जिताड्याच्या घाल्याचा तो ‘धब्ब’ आवाज ऐकताच हात वर ओढण्याचा मोह होतो, आणि तिथेच मासा चुकतो. आवाजावर नाही, सूत जड लागल्यावरच झटका द्यायचा. वरच्या पाण्यावर चुकणाऱ्यांची संख्या नेहमीच जास्त राहते, म्हणून खरेदीच्या यादीत हा शेवटी.

बिननावाच्या स्वस्त नकला पाकिटाने मिळतात. घ्यायच्याच असतील तर आधी बघा की पुढच्या कडीपासून शेपटीच्या कडीपर्यंत आत सलग तार आहे का. पारदर्शक अंग असेल तर दिसते. कडी नुसती प्लास्टिकमध्ये पेरलेली किंवा स्क्रूने बसवलेली असेल, तर वजनकाट्याला अडकवून आठ किलोपर्यंत ताणा. निघायची असेल तर घरीच निघू दे. चिकटवलेलं पातं ही दुसरी कच्ची जागा. ते खांबावर आपटून सुटतं.

मऊ ल्युअर

वर्षभराचा हिशेब मांडला तर जिताड्यासाठी वल्ह्यासारख्या शेपटीचा चार-पाच इंची मऊ मासा सगळ्यात किफायतशीर. झेड-मॅनचा डीझेल मिनोझ, चार इंची, हा त्यातला टिकाऊ. त्याचं इलाझटेक नावाचं मटेरियल रबरासारखं ताणतं, फाटत नाही आणि तरंगतं, त्यामुळे जिगहेड (वजनदार डोकं असलेला गळ) तळाला टेकला की शेपूट वर उभं राहतं. दोन पथ्यं पाळायची. हे इतर कंपन्यांच्या साध्या प्लास्टिकसोबत एका डब्यात ठेवायचं नाही, दोन्ही वितळून चिकट गोळा होतो. मूळ पाकिटातच ठेवा. आणि जिगहेडला मागे धरून ठेवणारा काटा हवा, नाहीतर पहिल्याच घाल्यात मऊ अंग खाली सरकतं. साध्या प्लास्टिकला जोडावर सुपरग्लूचा एक थेंब पुरतो.

जिगहेडचा गळ 4/0 ते 6/0, जाड तारेचा. वजन खोलीपेक्षा प्रवाहावर ठरवा: मंद पाण्यात 10 ते 14 ग्रॅम, ओहोटीच्या जोरात 21 ते 28. तळ लागल्याचा टप्पा हाताला कळलाच पाहिजे. कळत नसेल तर वजन वाढवा, सतत अडकत असेल तर घटवा. मऊ अंग गळावर सरळ बसलं नाही तर ल्युअर गोल फिरतो, सुताला पीळ पडतो, आणि पुढच्या दहा कास्टमध्ये रीलवर गुंता. टाकण्याआधी पायाशी पाण्यात एकदा ओढून बघायला पाच सेकंद लागतात.

लीडर, सूत, गाठ

जिताड्याला मोठे दात नाहीत, पण तोंडाच्या आत काचपेपरसारखा खरखरीतपणा असतो आणि कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते. मोकळ्या खाडीत 40 पौंडी, तिवरांत 50, खांब आणि कालवं असतील तिथे 60 पौंडी लीडर, मीटर-सव्वा मीटर लांब. फ्लुरोकार्बनचं सूत घासण्याला जास्त टिकतं, पण गढूळ पाण्यात चांगल्या प्रतीचं साधं तंगूसही पुरतं; फरकाचे पैसे गळांवर घाला. प्रत्येक माशानंतर शेवटच्या हातभर लीडरवरून बोट फिरवा. खरखर लागली की तेवढा तुकडा कापून गाठ नवी.

ल्युअरला नॉन-स्लिप लूप गाठ, फास 6 ते 8 मिलिमीटर, म्हणजे ल्युअर मोकळा डोलतो. स्नॅप (उघडझाप कडी) वापरायचा तर भक्कम. बारीक स्नॅप उघडतो. ब्रेड (रीलवरचं विणलेलं सूत) आणि लीडरचा जोड एफजी नावाच्या गाठीने, किमान 20 वेढे, आणि हाताला कापड गुंडाळून जोरात ओढून बसवलेला. नीट बसलेल्या एफजीत ब्रेडचा रंग गडद होतो. फिकट राहिला तर गाठ घसरणार.

ब्रेडचं माप घेताना पौंडांपेक्षा जाडी बघा. पीई हे जाडीचं जपानी माप; पीई 2 म्हणजे साधारण 0.235 मिलिमीटर. 20 पौंडी पॉवर प्रो 0.23 मिलिमीटर, 30 पौंडी 0.28. लेबलवरचे पौंड कंपनीगणिक बदलतात, जाडी तुलनेला खरी. किनाऱ्यावरून पीई 2, तिवरांत आणि खांबांशी 0.28 च्या आसपास.

रॉड आणि रील

होडीतून साडेसहा ते सात फुटी, बांधावरून किंवा खडकावरून आठ फुटी, 10 ते 40 ग्रॅम ल्युअर पेलणारा मीडियम-हेवी रॉड. टोक अगदी ताठ नको. ब्रेड ताणत नाही. रॉडही लवला नाही तर मासा उडी मारताना गळ ओरबाडून सुटतो.

रील 4000 मापाचं. पेनचं बॅटल 3 आणि डायवाचं बीजी ही दोन्ही धातूच्या अंगाची रीलं या कामाला पुरून उरतात. पेनचं स्पिनफिशर 6 आयपीएक्स5 दर्जाचं (पाण्याची धार सोसणारं) सीलबंद आहे. कयाकवरून किंवा लाटेच्या उडणाऱ्या पाण्यात मासेमारी असेल तर जास्तीचे पैसे तिथे वसूल होतात, एरवी गरज नाही. ड्रॅग (मासा ओढत असताना सूत सोडणारा रीलचा ब्रेक) अंदाजाने लावू नका. ब्रेड वजनकाट्याला बांधा, रॉड वाकवून ओढा, आणि 30 पौंडी सुताला साडेतीन ते चार किलोवर सूत सुटेल असं लावा. घरी परतल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी धार मारायची, म्हणजे पाणी वॉशरमध्ये शिरत नाही. वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल. ओला गळ डब्यात परत टाकला तर अख्खा डबा गंजतो.

रंग आणि पाणी

रंगांवर लोक सगळ्यात जास्त खर्च करतात आणि त्याची सगळ्यात कमी गरज असते. तीन रंग बास: निवळ पाण्याला बोयीसारखा चंदेरी, गढुळाला सोनेरी, रात्री काळा. उधाणाच्या दिवसांत आपल्या खाड्यांचं पाणी चिखलाचं होतं. तेव्हा खुळखुळा असलेला, रुंद हलणारा ल्युअर. भांगाच्या (कमी भरतीच्या) दिवसांत पाणी निवळतं, तेव्हा एक्स-रॅपसारखी शांत चाल. कुठलाही ल्युअर असो, ओहोटीच्या उत्तरार्धात जिथे छोटा ओहोळ मोठ्या खाडीला मिळतो ते तोंड आधी गाठा. बोय आणि कोळंबी तिथूनच बाहेर पडते, आणि मोठा मासा प्रवाहाच्या कडेला, संथ पाण्यात थांबलेला असतो.

शेवटची खरेदी जाळीची: बिनगाठीची किंवा रबरी, तोंड मोठं. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे मीटरभराचा मासा बहुतेक वेळा अंड्यांची मादीच. क्वीन्सलँडमध्ये 58 सेंटीमीटरच्या खालचा आणि 120 च्या वरचा बॅरामंडी ठेवता येत नाही; वरची मर्यादा याच कारणाने. सोडायचा असेल तर जबड्याला धरून उभा लटकवू नका. पोटाखाली हात द्या, गळ लांब नाकाच्या पक्कडीने काढा, आणि मासा स्वतःहून शेपटी मारेपर्यंत तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरा.