शिन्काईंचे दोन चित्रपट: आधी धूमकेतू की आधी पाऊस?

माकोतो शिन्काई या अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनपट, करणाऱ्या दिग्दर्शकाची प्रेमकथा प्रथमच पाहू इच्छिणाऱ्याला बहुधा दोन नावे सुचवली जातात: २०१६ सालचा ‘युअर नेम’ आणि त्यानंतर तीन वर्षांनी आलेला ‘वेदरिंग विथ यू’. २०२२ सालचा ‘सुझुमे’ या दोहोंपेक्षा नवा असला, तरी भूकंपाने मागे ठेवलेले दुःख हा त्याचा खरा विषय आहे आणि प्रेम त्यात दुय्यम आहे, म्हणून तो येथे बाजूला ठेवतो. उरलेले दोन्ही चित्रपट दोन तासांच्या आत संपतात, दोन्हींना रॅडविम्प्स या बँडचे संगीत आहे आणि दोन्हींत एक मुलगा, एक मुलगी व आभाळातून येणारे संकट आहे. एवढ्यावरून नवा चित्रपट म्हणजे जुन्याच साच्यातली दुसरी मूर्ती असे वाटणे स्वाभाविक आहे. मलाही पहिल्यांदा पाहताना अर्ध्या तासापर्यंत तसेच वाटले होते.

‘युअर नेम’ची बांधणी अधिक सफाईदार आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इतोमोरी या काल्पनिक डोंगरी गावातली मित्सुहा आणि टोकियोतला ताकी यांच्या देहांची अदलाबदल होते, तेव्हा आरंभी ती केवळ विनोदासाठी योजलेली युक्ती वाटते. परंतु आजी शिकवते ते दोऱ्यांचे विणकाम, देवळात वाहिलेले मद्य आणि आकाशातून जाणारा धूमकेतू या सगळ्या गोष्टी उत्तरार्धात अशा रीतीने एकमेकींत गुंततात, की त्यांतली कोणतीही एक काढली तर कथा उसवेल. दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावरच्या वेळेला गावकरी ‘काताव़ारेदोकि’ म्हणतात आणि त्या वेळी माणसाला या जगाबाहेरचे काही दिसू शकते, असा समज आहे. मराठी प्रेक्षकाला येथे तळटीप लागत नाही, कारण कातरवेळ या शब्दातली हुरहूर त्याच्या ओळखीची असते.

‘वेदरिंग विथ यू’ तितका घट्ट विणलेला नाही. कोझुशिमा बेटावरून पळून आलेला सोळा वर्षांचा होदाका पावसाने झोडपलेल्या टोकियोत आसरा शोधतो आणि प्रार्थना करून घटकाभर ऊन पाडू शकणारी हिना त्याला भेटते. होदाकाच्या हाती पिस्तूल लागते ते उपकथानक मला आजही उपरे वाटते, आणि पोलिसांच्या पाठलागात जाणारा वेळ त्या दोघांच्या नात्याला मिळायला हवा होता. मात्र पोटापाण्याची जी काळजी जुन्या चित्रपटात जवळजवळ नाही, ती येथे पावलोपावली आहे. होदाका मांगा कॅफेत, म्हणजे जपानी चित्रकथा वाचण्यासाठीच्या कॅफेत, रात्री काढतो, आईविना राहिलेली हिना धाकट्या भावाला सांभाळते आणि घरी आलेल्या पाहुण्याला परतलेल्या भातावर बटाट्याचे वेफर चुरून वाढते. हे जेवण मला त्या चित्रपटातल्या कोणत्याही भव्य दृश्यापेक्षा अधिक लक्षात राहिले आहे. चित्रणाबाबत म्हणाल, तर पावसाचे इतके प्रकार मी दुसऱ्या कोणत्याही अ‍ॅनिमे चित्रपटात पाहिलेले नाहीत.

शेवट आधी कळू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी पुढचा परिच्छेद वगळावा.

‘युअर नेम’मध्ये प्रेम आणि कर्तव्य एकाच दिशेला जातात: मित्सुहाला वाचवणे म्हणजेच गाव वाचवणे, त्यामुळे नायकाच्या बाजूने उभे राहताना प्रेक्षकाला काही गमवावे लागत नाही. नव्या चित्रपटात मुलगी हवी असेल तर शहराचे ऊन सोडावे लागते, आणि होदाका ते सोडतो. तीन वर्षे पाऊस थांबत नाही व टोकियोचा बराचसा सखल भाग पाण्याखाली जातो. हा निर्णय अनेकांना बेजबाबदार वाटला, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडलेला ज्याने अनुभवला आहे, त्या मुंबईकराला तो खटकला तर त्यात नवल नाही. परंतु घर सोडावे लागलेली एक वृद्धा शांतपणे सांगते की तो भाग मुळात समुद्रच होता, तेव्हा भराव घालून जोडलेल्या आपल्या सात बेटांची आठवण येऊन मी गप्प झालो. दिग्दर्शक होदाकाला निर्दोष ठरवत नाही. सगळ्या शहराचा भार एका पोरक्या मुलीवर टाकणाऱ्यांना मात्र तो प्रश्न विचारतो. मला म्हणूनच सदोष असूनही नवा चित्रपट अधिक धीट वाटतो.

ज्याला अ‍ॅनिमेची सवय नाही, किंवा जो घरच्यांसोबत एकच चित्रपट पाहणार आहे, त्याने ‘युअर नेम’ निवडावा. ज्याला नायकाशी भांडत चित्रपट पाहायला आवडते, त्याने ‘वेदरिंग विथ यू’ चुकवू नये. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी तो भारतातल्या चित्रपटगृहांत लागला, तोही चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवल्यावर. मोठा पडदा मिळाला तर त्यातला पाऊस तेथेच पाहावा. दोन्ही पाहायचे असतील, तर जुना आधी पाहावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण होदाका हिनासाठी अंगठी घ्यायला जातो तेव्हा दुकानात त्याला मदत करणारी तरुणी कोण आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी ती केवळ एक विक्रेती असते.