डोमिनिकन सलून आणि दाट कुरळे केस : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

डोमिनिकन सलूनमध्ये, म्हणजे कॅरिबियनमधील डोमिनिकन रिपब्लिक या देशातून आलेल्या स्त्रिया चालवतात त्या सलूनमध्ये, कुरळे केस सरळ होतात ते मुख्यतः स्ट्रेटनरमुळे नव्हे, तर पाणी, मोठे रोलर आणि डोक्यावर ओढून घ्यायचा टोपीचा ड्रायर या तिन्हींमुळे. हे आधीच सांगून ठेवते, कारण या सलूनचे जे कौतुक होते आणि त्यांच्याविषयी ज्या तक्रारी ऐकू येतात, त्या दोहोंचे मूळ इथेच आहे. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या उत्तर भागात वॉशिंग्टन हाइट्स नावाची वस्ती आहे. तिथल्या सेंट निकोलस अॅव्हेन्यू आणि ब्रॉडवेच्या आसपास अशी सलून जवळजवळ प्रत्येक चौकात सापडतात. गेल्या हिवाळ्याच्या तोंडापासून मी तिथे नियमाने जात आहे.

माझे केस दाट, कोरडे आणि बारीक वेटोळ्यांचे आहेत. ओले असताना पाठीपर्यंत येणारे केस वाळले की आक्रसून खांद्यांशी येऊन थांबतात. महाराष्ट्रात असताना अशा केसांवर पार्लरमध्ये बहुधा एकच उपाय सुचवला जाई : स्मूदनिंग करा, नाहीतर रिबॉन्डिंग करा. या दोन्हींत रसायनाने केसांची घडण बदलली जाते आणि नवीन वाढलेला केस मुळाशी कुरळा, पुढे सरळ असा दुभंगलेला दिसू लागतो. मला ते नको होते. कधीमधी केस सरळ असावेत आणि धुतले की पुन्हा आपल्या मूळच्या वळणावर यावेत, इतकीच माझी अपेक्षा होती. ती अपेक्षा या सलूनने बहुतांशी पूर्ण केली आहे, मात्र काही अटींवर.

प्रथम प्रक्रिया सविस्तर सांगते, कारण तिच्यातील प्रत्येक टप्प्याला कारण आहे. सुरुवातीला दोनदा शाम्पू केला जातो. त्यानंतर दाट कंडिशनर लावतात. अनेक ठिकाणी ‘सिलिकॉन मिक्स’ या डोमिनिकन उत्पादनाचा मोठा डबा समोरच्या फळीवर ठेवलेला दिसतो. केस फारच कोरडे असतील तर कंडिशनर लावून काही वेळ गरम हवेखाली बसवतात आणि मग धुतात. नंतर न धुता केसांतच ठेवायचे क्रीम चोपडून रुंद दातांच्या फणीने टोकांकडून मुळांकडे गुंता सोडवला जातो. खरी कारागिरी यापुढे सुरू होते. केसांची एक-एक बट रोलरच्या रुंदीइतकीच घेतली जाते, ती पूर्ण ओली आहे ना हे पाहिले जाते, फणीने एकसारखा ताण देत ती टोकापर्यंत गुळगुळीत केली जाते, टोक न दुमडता रोलरवर बसवले जाते आणि मग मुळापर्यंत गुंडाळून चाप लावला जातो. बट जास्त रुंद घेतली तर कडेचे केस रोलरवरून घसरतात आणि कुरळेच वाळतात. ताण कमी पडला तर केसांत लाट राहते. टोक दुमडले तर ती घडी पुढचे कित्येक दिवस दिसत राहते. निष्णात बाई माझ्यासारखे दाट केस इतक्या वेगाने गुंडाळते की पाहत राहावे, आणि त्या वेगात एकही बट सुकू देत नाही. सुकते आहे असे दिसले की पाण्याची फवारणी करून पुढे जाते.

त्यानंतर ड्रायरखाली बसायचे. पातळ केसांना तासाभरात मोकळीक मिळते. मला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. हा वेळ कमी करून मागू नये. रोलरखालचा केस आतून किंचितही दमट राहिला, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते आणि उरलेला ओलावा काढण्यासाठी जास्त उष्णता वापरावी लागते. रोलर काढल्यावर केस मोठ्या, चकचकीत वळणांत मोकळे होतात. मुळाशी बोटभर भाग मात्र अजून कुरळाच असतो, कारण तिथवर रोलरचा ताण पोहोचत नाही. हा भाग गोल ब्रश आणि हातातल्या ड्रायरने, म्हणजे तिथे सगळे ज्याला ‘ब्लोअर’ म्हणतात त्याने, ओढून सरळ केला जातो. शेवटी सीरमचे दोन-चार थेंब लावतात. रात्री झोपताना केस डोक्याभोवती सपाट गुंडाळून चापांनी बसवायचे आणि वर जाळी घालायची. या गुंडाळीला ‘तूबी’ म्हणतात. ती शिकून घेतली तर घरी पुन्हा गरम साधन हातात घ्यावे लागत नाही. माझ्या मते या साऱ्या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि नव्या ग्राहकाला तीच सर्वांत कमी समजावून सांगितली जाते.

हे सगळे का जमते, याचे उत्तर केसांच्या रचनेत आहे. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या आकाराला धरून ठेवणारे काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्या जागी पुन्हा जुळतात. त्यांना हायड्रोजन बंध म्हणतात. ओला केस रोलरवर ताणून वाळवला की हे बंध ताणलेल्या आकारात जुळतात. पाणी किंवा दमट हवा लागली की ते पुन्हा सुटतात आणि केस आपल्या जुन्या वळणावर येतो. केसाचे कायमचे वळण ठरवणारे गंधकाचे बंध वेगळे असतात. रिलॅक्सर आणि रिबॉन्डिंगची रसायने नेमके तेच तोडतात. रोलरच्या पद्धतीत त्यांना हात लागत नाही, म्हणून ती परतीची वाट मोकळी ठेवते. रसायनांपासून दूर राहण्याला आता आणखी एक कारण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केस सरळ करणाऱ्या रसायनांचा वारंवार वापर आणि गर्भाशयाचा कर्करोग यांत संबंध आढळला. अशी उत्पादने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत ७० वर्षे वयापर्यंत हा आजार होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असल्याचा त्यांचा अंदाज आहे. कारण आणि परिणाम यांचा निवाडा अशा एका अभ्यासाने होत नाही, पण पर्याय उपलब्ध असताना मी तरी त्याकडे दुर्लक्ष करणार नाही.

आता उष्णतेविषयी. टोपीच्या ड्रायरची हवा पसरट असते आणि केसांना टेकलेली नसते. हातातल्या ब्लोअरचे तसे नाही. २०११ साली कोरियातील त्वचारोगतज्ज्ञांनी केसांच्या बटांवर वेगवेगळ्या अंतरांवरून ड्रायर चालवून पाहिला : १५ सेंटिमीटरवरून तापमान सुमारे ४७ अंश सेल्सिअस, १० वरून ६१ आणि ५ वरून ९५ अंश होते. तापमान वाढले तसे केसाच्या पृष्ठभागाचे नुकसान वाढले. त्याच अभ्यासात नैसर्गिकरीत्या वाळवलेल्या केसांतही आतल्या थरात बिघाड दिसला, तेव्हा केस तासन्‌तास ओले ठेवणे म्हणजे निर्धोक, हेही खरे नाही. डोमिनिकन सलूनमधील ब्लोअरचे तोंड मात्र बऱ्याचदा ब्रशला अगदी चिकटून फिरते. त्यात केस दमट असेल तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसांत सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि नेमक्या त्याच जागी तो तुटतो. त्यावर आणखी २३० अंशांपर्यंत तापणारा स्ट्रेटनर फिरवला, तर उष्णता केराटिनची घडणच बिघडवू लागते. असा केस धुतल्यावर मूळच्या वळणावर परत येत नाही आणि कोणतेही कंडिशनर त्याला परत आणू शकत नाही.

हे मी प्रत्यक्ष अनुभवले आहे. एका सलूनमध्ये शनिवारच्या गर्दीत मला ड्रायरखालून लवकर उठवण्यात आले आणि ओलसर मुळांवर ब्लोअर इतका जवळून फिरवला की कानशिलाजवळ चटका बसला. मी थांबा म्हटल्यावरही पुढच्या बटांवरून स्ट्रेटनर दोन-तीनदा गेला. पुढच्या धुण्यानंतर कपाळाजवळच्या काही बटा ढिल्या, जवळजवळ सरळच राहिल्या. बाकीचे डोके कुरळे आणि पुढचा भाग पडेल असा. त्या बटा आता हळूहळू कापून काढत आहे. त्या ठिकाणी मी पुन्हा गेले नाही. ज्या दुसऱ्या सलूनमध्ये आता जाते तिथली बाई रोलरची जुनी कारागीर आहे. मुळांवर ब्लोअर फिरवण्याआधी ती प्रत्येक बट बोटांत धरून कोरडी आहे का ते पाहते, आणि स्ट्रेटनरला हातच लावत नाही. तिच्याकडे जाऊ लागल्यापासून केसांना फाटे फुटणे नक्कीच कमी झाले आहे. धुतल्यावर मागच्या बाजूची वेटोळी पूर्वीसारखीच घट्ट होतात, आणि माझ्या दृष्टीने हीच खरी कसोटी आहे.

या सलूनचा इतिहास थोडा तरी ठाऊक असावा असे मला मनापासून वाटते, कारण त्याशिवाय तिथली वागणूक नीट समजत नाही. १९३० पासून डोमिनिकन रिपब्लिकवर सत्ता गाजवणारा हुकूमशहा राफाएल त्रुहियो १९६१ मध्ये मारला गेला. १९६५ मध्ये यादवी आणि अमेरिकेचा लष्करी हस्तक्षेप झाला, आणि त्यानंतर तिथून मोठ्या संख्येने लोक न्यूयॉर्कला आले. अनेक स्त्रियांनी घरी, आईच्या आणि शेजारणीच्या हाताखाली शिकलेली ही कला इथे उपजीविकेचे साधन केली. पुढे आफ्रिकन अमेरिकन स्त्रियाही रसायनाविना सरळ केस मिळतात म्हणून इकडे वळल्या. बहुसंख्य लोकांच्या वंशात आफ्रिकेचा अंश असलेल्या या समाजात ‘चांगले केस’ म्हणजे सरळ आणि ‘वाईट केस’ म्हणजे कुरळे, ही समजूत खोल रुजलेली आहे. खुर्चीत बसल्यावर तिचे पडसाद कानांवर येतात आणि ते मला खटकतात. लहानपणी ‘किती हे राठ केस’ असे ऐकलेल्या कोणाही मराठी मुलीला ते परके वाटणार नाहीत. परंतु त्याच समाजातून त्याला उत्तरही आले आहे. ‘मिस रिसोस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅरोलिना कॉन्ट्रेरास यांनी डोमिनिकन रिपब्लिकची राजधानी सांतो दोमिंगो, तिच्या जुन्या शहरात केवळ नैसर्गिक कुरळ्या केसांसाठी सलून उघडले, आणि पुढे वॉशिंग्टन हाइट्समध्येही. आज या भागात केस सरळ करून देणाऱ्या आणि कुरळे केस कुरळेच सांभाळणाऱ्या जागा शेजारी शेजारी चालतात, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते.

जायचे असल्यास मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी जावे. आठवड्याच्या सुरुवातीला दर बहुधा कमी असतात आणि घाई नसते. धुणारी मुलगी आणि रोलर लावणारी बाई वेगळ्या असतील तर दोघींना वेगवेगळी आणि रोख बक्षिसी द्यावी. स्पॅनिश येत नसली तरी ‘सोलो रोलोस’, म्हणजे फक्त रोलर, आणि ‘सिन प्लांचा’, म्हणजे स्ट्रेटनर नको, हे दोन शब्दप्रयोग पाठ करून जावे आणि ते खुर्चीत बसतानाच सांगावेत. केस अर्धे झाल्यावर सांगून उपयोग होत नाही. चांगली कारागीर अशा सांगण्याचा राग मानत नाही. रंगवलेले किंवा नुकतेच रिबॉन्डिंग केलेले केस असतील, तर मी या पद्धतीची शिफारस करणार नाही, कारण तसा केस ओला असताना ताण सोसत नाही. भांगाजवळ किंवा कानशिलांवर केस विरळ होत असतील तर रोलरचा घट्ट ताणही टाळावा.

आपल्याकडच्या तेलाविषयी मला अनेकजणी विचारतात. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले होते की खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी करते. सूर्यफुलाचे आणि खनिज तेल तसे करत नाही. म्हणून सलूनला जाण्याच्या आदल्या रात्री मी खोबरेल लावते. तेल पूर्ण धुऊन निघेल याची मात्र मी खात्री करते, कारण केस तेलकट राहिला तर जड होतो आणि रोलरवर नीट बसत नाही.

थंडीत हे काम दहा-बारा दिवस टिकते. मे महिन्यानंतर न्यूयॉर्कची हवा दमट झाली की दुसऱ्या दिवशीच मुळे फुगू लागतात, आणि तो टिकाव मिळवण्यासाठी सलूनवाल्या स्ट्रेटनर सुचवू लागतात. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी तिथे फक्त धुणे आणि दाट कंडिशनर एवढेच करून घेणार आहे, आणि रोलरसाठी ऑक्टोबरमध्ये त्याच बाईकडे पुन्हा जाणार आहे.