विंडी ॲप: खालचा वारा बघून बंद करू नका, वरचाही बघा

श्रीवर्धनकडे आमची सुपारीची वाडी आहे, ३ जून २०२० ला निसर्ग वादळात निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, तेव्हापासून विंडी, म्हणजे नकाशावर वारा आणि हवामान दाखवणारं ॲप, फोनमधून काढलेलं नाही. त्याआधी दुसरं एक ॲप होतं, नुसतं ढगाचं चित्र आणि पावसाचे टक्के, त्यावरून वादळ जोर धरतंय की मरतंय हे काय कळणार.

विंडीत खरी कामाची गोष्ट म्हणजे उंचीची पट्टी. आधी ८५० हेक्टोपास्कल लावा (हे हवेच्या दाबाचं माप, जितकं वर जाल तितका आकडा कमी), म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंची, मग सरळ २०० वर जा, तिथे जवळपास १२ किलोमीटर. जुलैत करून बघा, खाली अरबी समुद्रावर वाऱ्याच्या त्या पांढऱ्या रेघा सोमालियाकडून आपल्याकडे धावत असतात आणि बोट वर सरकवलं की त्याच रेघा उलट्या, पूर्वेकडून पश्चिमेकडे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दोनतीनदा पट्टी खालीवर करून खात्री केली होती! हा पूर्वेचा जेट, म्हणजे उंचावरचा जोरदार वाऱ्याचा पट्टा, हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलेला.

आता हे बघून करायचं काय, तर वादळाला खालपासून वरपर्यंत सरळ उभं राहावं लागतं, खालचा वारा एकीकडे आणि वरचा दुसरीकडे ओढायला लागला की ढग एका बाजूला जातात आणि भोवरा उघडा पडतो. म्हणूनच भर पावसाळ्यात इकडे चक्रीवादळं सहसा होत नाहीत, होतात ती मे-जूनला नाहीतर ऑक्टोबरनंतर. (ऑगस्ट २०२४ चं असना हा अपवाद.) डिसेंबर २०१७ चं ओखी आठवतंय ना, मुंबईत शाळा बंद ठेवल्या होत्या, पण वर जोराचा वारा, खाली थंड पाणी आणि कोरडी हवा, गुजरातला पोचेपर्यंत त्यात काही राहिलंच नाही. याउलट २०० वर रेघा वादळाच्या डोक्यावरून चारी बाजूंना पसरताना दिसल्या तर सावध व्हा, चुलीचं धुराडं मोकळं असलं की जाळ कसा धरतो, तसंच ते.

एक मात्र सांगतो, दहा दिवसांनंतरचं वादळ बघून घाबरू नका आणि त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, इतक्या लांबचं मॉडेल रोज बदलतं. मी युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ आणि अमेरिकेचं जीएफएस ही अंदाजाची दोन्ही मॉडेलं लावून बघतो, दोन्ही जुळायला लागली की मगच वाडीतली कामं आवरायला घेतो. आणि शेवटचा शब्द हवामान खात्याचाच, बंदरावर धोक्याचा बावटा लागला की विषय संपला.

माझ्याकडून पाचपैकी पाच. फुकटातलं व्हर्जन मला पुरतं, उंचीची पट्टी त्यातही आहे.