पिनो, जर्नलडी आणि रात्री पडणारा सर्व्हर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिन्यांपूर्वी आमचा सर्व्हर आठवड्यातून एकदा तरी रात्री पडायचा. सकाळी लॉगची फाइल उघडली की शेवटची ओळ अगदी साधी असायची. कोणीतरी यादीचं पान मागितलं, 200, म्हणजे 'सगळं ठीक', असं उत्तर गेलं. त्याखाली थेट ऍप्लिकेशन पुन्हा सुरू झाल्याची ओळ. मधल्या वेळात काय झालं याबद्दल एक अक्षर नाही. आम्ही अंदाज बांधायचो, कोडमध्ये आणखी दहा ठिकाणी कन्सोल-लॉग घालायचो, आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच कोरी जागा.

आमचं ऍप्लिकेशन नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आहे, पुढे रिक्वेस्ट झेलणारा वेब सर्व्हर एंजिनएक्स, मागे डेटाबेस पोस्टग्रेस, सगळं एकाच 4 जीबी मेमरीच्या लिनक्स मशिनवर. आधी सगळं आउटपुट एका फाइलीत जायचं, आणि प्रोसेस मेली की एक स्क्रिप्ट तिला गुपचूप उठवायची. ती स्क्रिप्ट काढली, ऍप्लिकेशन सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू करणारी आणि सांभाळणारी व्यवस्था) सर्व्हिस म्हणून चालवायला घेतलं, लॉगसाठी पिनो ही नोडची लॉग लिहिणारी लायब्ररी लावली आणि सगळं स्टँडर्ड आउटपुटवर सोडून जर्नलडीला, म्हणजे सिस्टमडीच्या लॉग जमवणाऱ्या भागाला, गोळा करू दिलं. तेव्हापासूनचा हा अनुभव.

उत्तर पहिल्याच आठवड्यात मिळालं, आणि ते सिस्टमडीने दिलं. सर्व्हर पडल्यावर सर्व्हिसचा स्टेटस बघितला, तर तिथे स्वच्छ नोंद होती: मुख्य प्रोसेस सिग्नल 9 ने मारली गेली. सिग्नल 9 म्हणजे सिगकिल, प्रोसेस जागीच मारण्याचा हुकूम. तो प्रोसेसला पकडता येत नाही, अडवता येत नाही, आणि मरण्याआधी एक ओळ लिहायलाही वेळ मिळत नाही. मग जर्नलमधून (जर्नलडीने जमवलेल्या लॉगमधून) फक्त कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओळी काढल्या. मशिनची मेमरी संपली होती आणि कर्नलच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारून जागा करणारा भाग) आमची नोडची प्रोसेस निवडून मारली होती. प्रोसेसचा नंबर, नाव, तिने धरलेली मेमरी, सगळं तिथे होतं. जुनी स्क्रिप्ट प्रोसेस उठवायची, पण ती कशाने मेली हे विचारायची नाही. मरणारी प्रोसेस स्वतःच्या मरणाची नोंद करू शकत नाही, ती बाहेरच्या कोणाला तरी करावी लागते, हे मला तेव्हा कळलं. पुढचे सगळे बदल आम्ही हेच डोळ्यांसमोर ठेवून केले.

तेव्हापासून मी एक्झिट कोड, म्हणजे प्रोसेस संपताना मागे राहणारा आकडा, आधी बघतो. सिग्नलने मेलेल्या प्रोसेसचा कोड शेलमध्ये किंवा डॉकरमध्ये (ऍप्लिकेशन वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं साधन) 128 अधिक सिग्नलचा नंबर असा दिसतो. 137 म्हणजे सिगकिल, 139 म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट (प्रोसेसने नको त्या मेमरीला हात लावला), 143 म्हणजे कोणीतरी नीट सांगून थांबवलं. 134 मात्र नोडवाल्यांनी वेगळा ओळखायला हवा. नोडची स्वतःची हीप (जावास्क्रिप्टच्या डेटासाठीची मेमरी) मर्यादा संपली की नोडच्या आतलं व्ही8 हे जावास्क्रिप्ट इंजिन स्वतःच प्रोसेस अबॉर्ट करतं, आणि तेव्हा हा कोड येतो. 137 आणि 134 दोन्हींना लोक 'मेमरी संपली' म्हणतात, पण उपाय उलटे आहेत. 134 असेल तर हीपची मर्यादा वाढवून निदान वेळ तरी मिळतो. 137 असताना ती वाढवली तर नोड आणखी मेमरी धरतो आणि मशीन आणखी लवकर कोसळतं. आम्ही जुन्या दिवसांत नेमकं हेच केलं होतं आणि परिस्थिती का बिघडली म्हणून आठवडाभर हैराण होतो.

मूळ कारण निघालं रात्रीचा रिपोर्ट. टेबलातल्या सगळ्या ओळी एकाच क्वेरीत मेमरीत ओढून मग फाइल बनवायची पद्धत होती. डेटा कमी असताना ते खपलं, वाढल्यावर खपेना. आता कर्सर लावून, म्हणजे उत्तर टप्प्याटप्प्याने मागवून, हजार-हजार ओळी घेतो.

त्यानंतर दोन महिन्यांनी जे झालं ते जास्त शिकवून गेलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका दुपारी ऍप्लिकेशनच्या लॉगमध्ये एकाच क्षणी डेटाबेसची सगळी कनेक्शनं तुटल्याच्या एरर आल्या. मिनिटभराने आपोआप सगळं सुरळीत. तीन दिवसांनी पुन्हा तेच. लॉग डेटाबेसकडे बोट दाखवत होता, म्हणून आम्ही दोन दिवस पोस्टग्रेसची सेटिंग्ज तपासली, कनेक्शन पूल (उघडी ठेवलेली डेटाबेस कनेक्शनं) कमी-जास्त केला, 100 ही कनेक्शनची मूळ मर्यादा आपण ओलांडतोय का ते मोजलं. काहीच सापडलं नाही. शेवटी कर्नलचा लॉग त्याच मिनिटाचा काढला. ओओएम किलरने या वेळी पोस्टग्रेसची एक बॅकएंड प्रोसेस (एका कनेक्शनचं काम बघणारी) मारली होती. पोस्टग्रेसची एक बॅकएंड अशी अचानक मेली की सामायिक मेमरी बिघडली असण्याची शक्यता धरून ते बाकीच्या सगळ्या बॅकएंड बंद करतं, रिकव्हरी करतं आणि मग पुन्हा दार उघडतं. म्हणजे पोस्टग्रेस अगदी बरोबर वागत होतं. मेमरी खात होता आमचा नवा फाइल अपलोडचा कोड, आणि बळी गेली शेजारची प्रोसेस. एरर जिथे छापली जाते तिथेच चूक असेल असं मी आता कधीच धरून चालत नाही. आम्ही अपलोड स्ट्रीमने, म्हणजे तुकड्या-तुकड्याने, लिहायला लागलो, नोडच्या सर्व्हिसला मेमरीची वेगळी कमाल मर्यादा घातली आणि तिचा ओओएम स्कोअर वाढवला, म्हणजे पुन्हा वेळ आलीच तर आधी ती जाईल, डेटाबेस नाही.

आता लॉगिंगच्या कॉन्फिगरेशनबद्दल, कारण त्यातल्या काही गोष्टींनी आम्हाला चकवलं.

पहिली म्हणजे लेव्हल, ओळ किती गंभीर आहे ते सांगणारा आकडा. पिनोमध्ये आकडा जितका मोठा तितकं गंभीर: डीबग 20, इन्फो 30, वॉर्न 40, एरर 50, फेटल 60. सिसलॉगची (युनिक्सची जुनी लॉग पद्धत) परंपरा उलटी, 0 सगळ्यात गंभीर आणि 7 म्हणजे डीबग. जर्नलडी सिसलॉगचे आकडे मानतं, आणि स्टँडर्ड आउटपुटवरून आलेली प्रत्येक ओळ, तुम्ही काही सांगितलं नाही तर, इन्फो म्हणून नोंदवतं. आम्ही रोज सकाळी जर्नलमधून फक्त एरर लेव्हलच्या ओळी मागवायचो, यादी रिकामी यायची आणि आम्ही निश्चिंत व्हायचो. एरर होत्याच, पण जेसनच्या आत, कारण पिनो प्रत्येक ओळ जेसन या की-व्हॅल्यूच्या साच्यात लिहितं. जर्नलच्या दृष्टीने त्या साध्या ओळी होत्या. यावर उपाय म्हणून ओळीच्या सुरुवातीला कोनी कंसात सिसलॉगचा आकडा लिहिता येतो, सिस्टमडी तो वाचतं. आम्ही तसं न करता जेसन जेक्यू या कमांडने गाळतो. काहीही करा, पण एकदा मुद्दाम एरर फेकून ती तुमच्या गाळणीतून खरंच वर येते का ते बघा.

दुसरी म्हणजे जर्नल टिकतो का. आमच्या सिस्टमडीच्या मूळ सेटिंगमध्ये, वार-लॉग या लॉगच्या नेहमीच्या डिरेक्टरीत जर्नल नावाची डिरेक्टरी नसेल तर जर्नल फक्त मेमरीत राहतो आणि मशीन रीबूट झालं की जातो. आमच्या होस्टिंगवाल्यांनी एकदा न सांगता मशीन रीबूट केलं आणि आदल्या रात्रीचा सगळा पुरावा गेला. ती डिरेक्टरी बनवणं किंवा स्टोरेज कायमचं असं सांगणं हे दोन मिनिटांचं काम आहे, ते पहिल्या दिवशीच करा.

तिसरी, दाबलेल्या ओळी. एका रिलीजमध्ये डीबग लेव्हल चुकून चालू राहिली. जर्नलडीची मूळ मर्यादा एका सर्व्हिसला 30 सेकंदांत 10000 ओळींच्या आसपास आहे. डिस्कवर भरपूर जागा मोकळी असेल तर ती थोडी वाढते. त्यापुढच्या ओळी टाकून दिल्या जातात आणि इतके संदेश दाबले अशी एकच नोंद उरते. ट्रॅफिक वाढला, डीबगचा पूर आला आणि ज्या क्षणाची खरी एरर हवी होती नेमकी तीच टाकली गेली. मर्यादा काढून टाकायचा मोह झाला होता. काढली नाही, कारण ती मशिनच्या भल्यासाठी आहे. डीबग बंद केलं आणि यादीतल्या प्रत्येक वस्तूमागे एक ओळ छापणारी तीन ठिकाणं शोधून काढली. लॉग कमी लिहायला लागल्यावर तो जास्त उपयोगी पडायला लागला.

पिनोबद्दल एक सावधगिरी. त्यात असिंक्रोनस लिहायची सोय आहे, ओळी आधी बफरमध्ये साठतात आणि एकदम लिहिल्या जातात. वेग मिळतो. पण प्रोसेस अचानक मेली तर बफरमधल्या ओळी तिच्याबरोबरच जातात, आणि क्रॅशचा शोध घेताना नेमक्या त्याच शेवटच्या ओळी हव्या असतात. आम्ही महिनाभर ते वापरून परत सिंक्रोनसवर आलो. आमच्या ट्रॅफिकला फरक जाणवलाही नाही.

चूक पकडण्याबद्दलही बोलायला हवं. जुन्या कोडमध्ये न पकडलेल्या एक्सेप्शनसाठी (कोडने न हाताळलेली एरर) एक हँडलर होता: एरर छापायची आणि पुढे चालू ठेवायचं. दिसायला सोयीचं, प्रत्यक्षात घातक. नोडचं डॉक्युमेंटेशनच सांगतं की अशा एक्सेप्शननंतर नेहमीसारखं काम सुरू ठेवणं सुरक्षित नाही. आमच्याकडे प्रोसेस जिवंत असायची, पण अर्धवट ट्रान्झॅक्शन आणि अडकलेली कनेक्शनं घेऊन, आणि तासाभराने भलत्याच ठिकाणी काहीतरी तुटायचं. आता फेटल लेव्हलला पूर्ण स्टॅक (एररपर्यंत कोणकोणती फंक्शनं चालली त्याची यादी) लिहितो आणि प्रोसेस संपवतो. न हाताळलेल्या प्रॉमिस रिजेक्शनचंही (नंतर पुरं होणारं काम फसलं, पण ते कोणी पकडलं नाही) तसंच. ऑक्टोबर 2020 मध्ये आलेल्या नोड 15 पासून ते मुळातच प्रोसेस पाडतं. जुन्या नोडवरून वर येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, आधी फक्त इशारा देणारा कोड आता सर्व्हर पाडतो.

रिस्टार्टची सेटिंग्ज शांतपणे विचार करून ठरवा. सिस्टमडी मुळात 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून बघतं आणि मग हात टेकतं. दोन प्रयत्नांमधलं अंतर मुळात फक्त 100 मिलिसेकंद, त्यामुळे डेटाबेस उठायला थोडा उशीर झाला तर तेवढ्यात पाचही प्रयत्न संपतात आणि सर्व्हिस तशीच पडून राहते. म्हणून आम्ही अंतर 5 सेकंद केलं. मग ध्यानात आलं की आता 10 सेकंदांत 5 प्रयत्न होऊच शकत नाहीत, म्हणजे खरोखर मोडलेलं रिलीज अनंत काळ उठत-पडत राहील. शेवटी मोजणीचा काळ 2 मिनिटं केला. दोन्ही आकडे एकत्र बदलायचे असतात.

डिस्कचा एकच प्रसंग सांगतो. डिस्क 100 टक्के भरलेली दिसत होती, पण फाइलींची बेरीज केली तर अर्धीसुद्धा होत नव्हती. घाईत कोणीतरी एंजिनएक्सचा मोठा लॉग डिलीट केला होता. फाइलीचं नाव गेलं, पण एंजिनएक्सने ती उघडी धरली होती, आणि प्रोसेस सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. एलएसओएफ या उघड्या फाइली दाखवणाऱ्या कमांडने डिलीट झालेल्या पण उघड्या फाइली दिसल्या, एंजिनएक्सला लॉग पुन्हा उघडायचा सिग्नल दिला, जागा परत आली. आमचा एक छोटा डॉकर कंटेनरही आहे. डॉकरचा मूळचा जेसन-फाइल ड्रायव्हर लॉगला कसलीच कमाल मर्यादा घालत नाही, ती तुम्हीच घालायची, आणि ती नव्याने बनवलेल्या कंटेनरलाच लागू होते.

रिक्वेस्ट आयडी सगळ्यांना सांगावासा वाटतो. एंजिनएक्स प्रत्येक रिक्वेस्टला एक आयडी देतं, तो आम्ही हेडरमधून (रिक्वेस्टबरोबर जाणारी जास्तीची माहिती) नोडकडे पाठवतो आणि त्या रिक्वेस्टच्या प्रत्येक ओळीत छापतो. एखाद्याने 502 (एंजिनएक्सला मागच्या ऍप्लिकेशनकडून नीट उत्तर मिळालं नाही) आल्याचं कळवलं की एका शोधात त्याची पूर्ण वाट दिसते. वेळ दोन्हीकडे यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवली. पिनो मुळात वेळ मिलिसेकंदांच्या लांबलचक आकड्यात छापतं, ते बदलून वाचता येईल अशी तारीख-वेळेची आयएसओ पद्धत घेतली.

आणि गुपितं. पिनोचा एचटीटीपी लॉगर रिक्वेस्टचे सगळे हेडर लिहितो, म्हणजे लॉगिनची ओळख असलेले कुकी आणि ऑथरायझेशनसुद्धा. हे लक्षात आलं तेव्हा मला खरंच घाम फुटला. ट्विटरने मे 2018 मध्ये पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले गेल्याचं जाहीर करून आपल्या 33 कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं, ते आठवलं. पिनोमध्ये झाकायच्या कींची (जेसनमधल्या माहितीच्या नावांची) यादी देता येते, पण प्रत्येकीचा मार्ग नेमका सांगावा लागतो. नवा फॉर्म आला की ती यादी तपासणं आमच्या रिव्ह्यूचा भाग झालं आहे.

न आवडलेलं: कच्चा जेसन डोळ्यांनी वाचवत नाही, आणि रात्री झोपेतून उठून फोनवर तो वाचताना त्रास होतो. जर्नल बायनरी असल्याने ग्रेप ही मजकूर शोधायची साधी कमांड थेट चालत नाही. ओळ 48 केबीपेक्षा लांब झाली तर जर्नलडी तिचे तुकडे करतं आणि जेसन मोडतं, आमच्या लांब स्टॅकबरोबर पाठवलेल्या पेलोडने (रिक्वेस्टमधल्या डेटाने) हे दोनदा झालं. मशिनं दोन-तीनपेक्षा जास्त असतील तर हे सगळं एका जागी जमवायला वेगळी व्यवस्था लागेलच. एका मशिनवरच्या, लहान टीमच्या ऍप्लिकेशनला मात्र मी हाच संच सुचवेन.

सध्या एकच क्रॅश उलगडायचा राहिलाय. गेल्या महिन्यात दोनदा 139 आला, दोन्ही वेळा चित्रं लहान करण्याचं काम चालू असताना. संशय चित्रं लहान करणाऱ्या लायब्ररीच्या नेटिव्ह भागावर (जावास्क्रिप्टबाहेर, थेट मशिनवर चालणारा कोड) आहे, पण जावास्क्रिप्टचा स्टॅक तिथवर पोचतच नाही. परवा सर्व्हिसला कोअर डंप (मरतानाच्या प्रोसेसच्या मेमरीची प्रत) घ्यायची परवानगी दिली, आणि कामाला घेतलेल्या चित्राचं नाव काम सुरू होण्याआधीच लॉगमध्ये जाईल असं केलं. कालच्या रात्री तिसऱ्यांदा पडला. डंप मिळालाय, चित्राचं नावही मिळालंय, आणि तेच चित्र माझ्या मशिनवरही प्रोसेस पाडतंय.