क्यूदानपर्यंत नेणारा सांगलीतील जपानी वर्ग

विश्रामबागेतील या जपानी भाषावर्गाची वरची तुकडी एन-टू आणि एन-वन या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या वरच्या दोन पातळ्यांची तयारी करणाऱ्यांसाठी आहे. तेथील शिकवण्याची पद्धत कळावी म्हणून दोषारोपाच्या शब्दांवरील एका पाठाविषयी येथे सविस्तर लिहितो.

हिहान, हिनान आणि क्यूदान हे शब्द पाठांतराच्या याद्यांत बहुधा ‘टीका’ या एकाच अर्थाखाली उरकलेले असतात. या वर्गात मात्र कोण, कोणाला, कशाबद्दल बोलत आहे हे आधी विचारले जाते. नाटकाची होते ती हिहान, आणि तिच्यात गुणांचीही चर्चा येऊ शकते. शब्द फिरवणाऱ्याला दोष देणे हे हिनान. आणि भ्रष्टाचार किंवा अन्याय करणाऱ्याला चारचौघांत, बरेचदा संघटितपणे, जाब विचारून त्याचा धिक्कार करणे हे क्यूदान. या औपचारिक शब्दाचे वजन सांगताना शिक्षिकेने ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे स्थापन झालेल्या सुइहेइशाचा दाखला दिला. पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यतेची वागणूक सोसलेल्या बुराकू समाजाच्या या संघटनेने, हीन नावांनी आपला अपमान करणाऱ्यांचे ‘तेत्तेइतेकी क्यूदान’, म्हणजे कसून क्यूदान, करण्याचा ठराव स्थापनेच्याच सभेत केला होता. महाडचा सत्याग्रह पुढे पाच वर्षांनी झाला, हे एका विद्यार्थ्याने लगेच जोडून दिले आणि चर्चा बराच वेळ त्याच विषयावर रंगली.

हिनानही चांगले समजले. ‘दोष देणे’ आणि ‘सुरक्षित स्थळी जाणे’ या दोन्ही अर्थांचे शब्द उच्चारात सारखे, कांजी, म्हणजे ते लिहिण्याची चिनी वळणाची अक्षरचिन्हे, मात्र निराळ्या. आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की सांगलीकर यांतले कोणते हिनान करतो, या प्रश्नावर हशा पिकला. २०१९ च्या महापुरात दोन्ही झाली होती.

उणिवाही आहेत. क्यूदानच्या पहिल्या कांजीतील धागा आणि दुसरीतील धनुष्य फळ्यावर रेघ न् रेघ उलगडून दाखवतात, पण हाती पडणाऱ्या झेरॉक्स प्रती इतक्या फिकट असतात की घरी त्याच रेघा मोजता येत नाहीत. श्रवणाचा सराव तर नावापुरताच होतो, आणि पुण्याच्या केंद्रावर परीक्षेला बसल्यावर त्याची झळ बसते.

नवशिक्यांनी या तुकडीच्या वाटेला जाऊ नये. एन-थ्री उत्तीर्ण झालेल्यांनी, विशेषतः भाषांतराचे काम करू इच्छिणाऱ्यांनी, ती अवश्य घ्यावी. श्रवणाची सोय मात्र स्वतंत्रपणे करावी लागेल.