बोर्दो २००९ की २०१०: एकच घ्यायची असेल तर

लागोपाठच्या दोन वर्षांत बोर्दोला, म्हणजे फ्रान्समधल्या या वाईनच्या प्रदेशाला, असे हंगाम क्वचितच मिळतात. त्यामुळे २००९ च्या द्राक्षांची वाईन थोर की २०१० ची हा वाद अजून मिटलेला नाही. विकत घेणाऱ्याला मात्र या वादाचा फारसा उपयोग नाही. समीक्षकांनी दोन्ही वर्षांना हात सैल सोडून गुण दिले. बोर्दोतल्या पोइयाक गावच्या पोंते-काने या शातोला (म्हणजे द्राक्षमळा असलेल्या वाईन उत्पादकाला) तर अमेरिकन वाईन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी दोन्ही वर्षी शंभरपैकी शंभर दिले. आज बाजारातली किंमतही, मोठ्या नावांचे अपवाद सोडले तर, फार लांबची नसते. तेव्हा निर्णय व्हायचा तो ग्लासात काय घडतं यावरच.

आधी हवामान, कारण पुढचं सगळं तिथूनच येतं. २००९ मध्ये मे महिन्यात काही भागांत गारपीट झाली, पण उन्हाळा कोरडा आणि चांगलाच गरम गेला आणि सप्टेंबरनेही साथ दिली. साखर भरपूर चढली, आम्ल उतरलं, सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, मऊ झालं. २०१० ची सुरुवात अडखळत झाली. जूनमध्ये फुलोऱ्याच्या वेळी हवा थंड आणि अस्थिर होती. मर्लो जातीच्या द्राक्षांत मणीगळ झाली, उरलेल्या घडांत लहान-मोठे मणी राहिले आणि पीक कमी आलं. पुढचा उन्हाळा अगदी कोरडा गेला, पण रात्री गार होत्या. गार रात्रीमुळे आम्ल टिकून राहिलं. मणी बारीक म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून रंग आणि टॅनिन दोन्ही दाट आले. पाणी कमी पडल्याने साखरही कमी झाली नाही.

इथे अनेकांचा गैरसमज होतो. २००९ ‘गरम’ वाईन आणि २०१० ‘गार’ वाईन, म्हणून २०१० मध्ये अल्कोहोल कमी असेल असं धरलं जातं. तसं नाही. बोर्दोतल्याच सँ-तेमिलियाँ भागात दोन्ही वर्षी चौदा-साडेचौदा टक्के सहज भेटतात, काही ठिकाणी त्याहून जास्त. लेबलवरचा आकडा पूर्ण किंवा अर्ध्या टक्क्यातच छापतात, शिवाय त्याला कायद्याने थोडी सवलत असते, त्यामुळे बारीक फरक त्यावरून कळत नाही. फरक आहे तो आम्लाचा. २०१० मध्ये ते अल्कोहोलला आवर घालतं. २००९ मध्ये तो आवर सैल आहे.

माझ्यापुरता निकाल याच एका गोष्टीने लावला. २००९ ला ग्लासात तापमान सोसत नाही. सोळा अंशांवर ओतली तर तिच्यासारखी लाघवी वाईन नाही. काळ्या मनुकांचा गोडवा, मखमली पोत, कुठेही खरखर नाही. पण अठ्ठावीस-तीस अंशांच्या खोलीत ती वीसच्या पुढे जायला फार वेळ लागत नाही. मग फळाच्या आधी नाकाला अल्कोहोल लागतं, शेवट तोंडात उष्ण होतो आणि गोडवा जड वाटू लागतो. पहिला ग्लास सर्वांना आवडतो, दुसरा अर्धा राहतो. पॅरिसमधल्या जानेवारीत हे कदाचित जाणवणारही नाही; मुंबई-पुण्यात किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी माणसाला नक्की जाणवेल. उपाय आहेत: एका वेळी ७५ मिलीच्या वर ओतू नये, डिकँटर (वाईन ओतून ठेवायचं काचेचं पात्र) थंड पाण्याच्या भांड्यात ठेवावं. पण एवढ्या किमतीच्या बाटलीची अशी राखण करत जेवायचं म्हणजे जरा कटकटच.

२०१० चा त्रास वेगळा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. ती बंद असते. नीट उघडली नाही तर आवळा चावल्यासारखा तुरटपणा हिरड्यांवर बसतो. पण हा त्रास आधीच्या तयारीने सुटतो. बाटली आदल्या दिवशी उभी करावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. या वयाचा कॉर्क कधी कधी चुरतो, म्हणून स्क्रूपेक्षा दोन पात्यांचं ओपनर बरं. बाटलीच्या मानेखाली दिवा धरून ओतावं आणि गाळाची रेघ मानेशी आली की थांबावं. सुमारे शंभर मिली मागे राहिली तरी चालेल. मग डिकँटरमध्ये तीन-चार तास. २००९ ला तासभर पुरतो. त्याहून जास्त हवा दिली तर सुगंध पसरट होतो. २०१० फार गार मात्र देऊ नये. पंधराच्या खाली तिचं टॅनिन आणखी टोचतं, सतरा-अठरा ठीक.

शातोप्रमाणे हिशेब बदलतो, आणि इथे २००९ च्या बाजूने प्रामाणिकपणे बोलायला हवं. सँ-झ्युलियाँ गावातले लेओव्हिल पोयफेरे आणि लेओव्हिल बार्तों हे शातो एकेकाळी एकाच मोठ्या मालमत्तेचे भाग होते, पण वृत्ती निराळ्या. पोयफेरे मुळात भरघोस. २००९ ने तिला खुलवलं. बार्तों मुळात ताठ. २०१० ची बार्तों अजूनही घाईच्या माणसासाठी नाही, पण वाट बघणाऱ्याला ती निराश करेल असं वाटत नाही. क्रू बूर्झ्वा दर्जाच्या, म्हणजे खिशाला झेपणाऱ्या बाटल्यांत तर २००९ चंच पारडं जड आहे. तिथे २०१० चं टॅनिन बऱ्याचदा फळापेक्षा जास्त आयुष्य काढतं आणि शेवटी नुसता तुरटपणा उरतो. उद्याच्याच जेवणासाठी हवी असेल तरीही २००९ घ्यावी. पोमरोल आणि सँ-तेमिलियाँमध्ये दोन्ही वर्षी भारी वाइन्स आहेत. फार पिकलेली शैली आवडत नसेल तर तिकडे शातो पारखूनच घ्यावा. पोइयाक, सँ-झ्युलियाँ, सँतेस्तेफमधल्या वर्गीकृत, म्हणजे जुन्या अधिकृत क्रमवारीत दर्जा मिळालेल्या, शातोंसाठी मात्र मी २०१० कडे हात नेईन.

घेताना साठवण तपासावी, आणि २००९ च्या बाबतीत जास्तच. आम्ल कमी म्हणजे पीएच चढा, आणि चढ्या पीएचला वाईन टिकवण्यासाठी घालतात त्या सल्फर डायऑक्साइडचं संरक्षण कमी पडतं. कॉर्क वर आलेला, कॅप्सूलखाली (कॉर्कवरच्या वेष्टनाखाली) चिकट ओघळ किंवा वाईनची पातळी मानेच्या बऱ्याच खाली असेल तर बाटली उष्णतेत राहिली असण्याची शक्यता मोठी. घरी बारा ते चौदा अंशांचा वाईन कॅबिनेट नसेल तर दहा वर्षं ठेवण्याचा बेत करूच नये. साधा फ्रीज फार गार आणि कोरडा. कपाटात मे महिना काढला की संपलं.

परदेशातून आणणाऱ्यांसाठी एक हिशेब: भारतात येताना माणशी दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. ७५० मिलीच्या दोनच बाटल्या बसतात, वर ३७५ मिलीची अर्धी बाटली मावते. अर्ध्या बाटलीत वाईन लवकर पिकते, म्हणून २०१० चाखायची असेल पण थांबायची तयारी नसेल तर ती शोधावी.

जेवणात मिरची कमी ठेवावी. तिखट अल्कोहोलची आग वाढवतं आणि टॅनिन आणखी कडक करतं. तांबड्या रश्श्यासमोर दोन्ही वर्षं हरतात. साधं भाजलेलं मटण, मीठ-मिरपूड, फार तर लसूण. बाटली संपली नाही तर कॉर्क लावून फ्रीजमध्ये ठेवावी आणि पिण्याआधी तासभर बाहेर काढावी. २०१० दुसऱ्या संध्याकाळी बहुधा आदल्या दिवसापेक्षा बरी लागते. २००९ त्याच रात्री संपवावी.